मुठीखालचं कार्ड

विद्याधर आगाशे यांच्या घरात इथून पुढे साखर कधीच अवचित संपणार नव्हती. तसं त्यांनी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये जाहीरच करून टाकलं होतं!

साल होतं १९५९. विद्याधर बंगळूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लेक्चरर होते आणि राजाजीनगरात बिऱ्हाड करून राहत होते. संशोधनाला विषय त्यांनी जगावेगळा निवडला होता: कारखान्याने माल कधी मागवावा, किती मागवावा, म्हणजे तो गोदामात साचणारही नाही आणि संपणारही नाही. "म्हणजे वाणसामानच की हो!" असं सहकारी म्हणाले, की विद्याधर त्यांच्याकडे दयेने बघत. या विषयासाठी दिल्लीहून तीन वर्षांची फेलोशिप मिळायची शक्यता होती. मिळाली तर डॉक्टरेट. नाही मिळाली तर पहिल्या वर्षाच्या पोरांना सुतारकाम शिकवायचं, असं प्रिन्सिपॉलांनी हसत हसत सांगून ठेवलं होतं. विद्याधरांना नुसता रंधा दिसला तरी घाम फुटायचा.

फेलोशिपसाठी आधी प्रयोग करून दाखवायला हवा होता. पण कुठलाच कारखाना त्यांना दारात उभं करेना. राहिलं कोण? घर!

"हेमा, आजपासून प्रत्येक जिनसाचे दोन डबे," त्यांनी बायकोला समजावलं. "पहिल्या डब्याच्या तळाशी हे पिवळं कार्ड. डबा रिकामा झाला की कार्ड दिसेल. ते तू मला द्यायचंस, मी कोपऱ्यावरच्या शेट्टरांच्या दुकानात देणार. माल येईपर्यंत दुसरा डबा. आहे काय त्यात!"

"आणि मी नुसतं तोंडाने सांगितलं तर?"

"अजिबात नाही! प्रयोगाची वाट लागेल. कार्ड बोलेल, आपण गप्प बसायचं."

"बरं," हेमलता म्हणाली. ती सांगलीची. तिचं 'बरं' ऐकून माहेरची माणसं सावध व्हायची, पण विद्याधरांच्या डोक्यात तेव्हा दिल्ली होती.

महिना झाला. एकही कार्ड आलं नाही. दीड महिना झाला, तरी नाही! विद्याधरांनी आलेख काढला. पद्धत आल्यापासून घरातला धान्याचा वापर निम्म्यावर आला होता, दुसरं काय! तसं त्यांनी अर्जात ठणकावून लिहिलं. आलेखातला वापर उतरत होता आणि कमरेचा पट्टा एका भोकाने सैल करावा लागला होता, पण या दोन गोष्टी त्यांनी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

एकदा हेमलता म्हणाली, "अहो, तांदूळ..."

"कार्ड आलं?"

"नाही."

"मग तांदूळ आहेत!"

"बरं," हेमलता म्हणाली.

आणि दिल्लीहून तार आली. फेलोशिपच्या समितीवरचे प्रोफेसर भगवंतराव रविवारी बंगळुरात येणार होते आणि प्रयोग समक्ष बघणार होते. विद्याधरांनी त्यांना सरळ जेवायलाच बोलावलं.

भगवंतराव भारदस्त गृहस्थ. अर्ज वाचताना ते भुवई वर करत, आणि एकदा वर गेलेली भुवई सहसा खाली येत नसे. पण जेवायला बसले आणि खुलले! आधी वरणभात, मग मसालेभात, मग ताकभात, वर वाटीभर खीर.

"छान! आता प्रयोगशाळा दाखवा," हात पुसत ते म्हणाले.

विद्याधरांनी ऐटीत तांदळाचा पहिला डबा उघडला. तळाशी मूठभर तांदूळ होते. दुसरा उघडला. त्यातही मूठभरच! साखरेचे दोन्ही डबे तसेच, डाळीचेही तसेच. भगवंतरावांनी पहिल्या डब्यातल्या मूठभर तांदळात दोन बोटं घातली आणि खालून पिवळं कार्ड ओढून काढलं. कोरं करकरीत!

भुवई वर गेली. "आगाशे, मग मी आत्ता खाल्लं काय?"

विद्याधरांना समोर रंधा दिसू लागला. "हेमा! अगं, डबा रिकामा झाल्यावर..."

"रिकामा करतात होय डबा?" हेमलता म्हणाली. "धान्याचा डबा कधी खरवडू नये. आईने शिकवलंय. मूठभर मागे ठेवायचंच. लक्ष्मी असते ती."

"मग सांगायचं नाही?"

"कार्ड बोलेल, आपण गप्प बसायचं, असं कोण म्हणालं होतं?"

तेवढ्यात मागच्या दारातून दिसणाऱ्या परसातल्या भिंतीवरून शेजारच्या अंबुबाईंचं डोकं वर आलं. त्यांचं घराणं इथे तीनशे वर्षांचं, त्यामुळे मराठीत कानडी मिसळलेली, आणि माहेरहून त्यांना पोत्याने तांदूळ यायचा.

"हेमक्का, पावण्यांना भात पुरला का? स्वल्प आणखी देऊ? साखर काल दिली ती खिरीला सरी झाली ना, पुरेशी?"

मग भगवंतराव हसायला लागले. हसता हसता त्यांनी डब्याचाच आधार घेतला.

"आगाशे, तुमचा सगळा पुरवठा या भिंतीवरून चालतो, आणि तुमच्या आलेखात भिंतच नाही!" डोळे पुसत ते म्हणाले. "अहो, प्रत्येक कारखान्यात हेच चालतं. कागदावर एक, फिटरच्या बाकाखाली दुसरं. वहिनी, तुम्ही काय केलं असतं?"

"कार्ड मुठीच्या खाली कशाला? मुठीच्या वर ठेवायचं," हेमलता म्हणाली. "म्हणजे मूठही राहते आणि वेळेवर कळतंही."

भगवंतरावांची भुवई खाली आली. फेलोशिप मिळाली! विषय ठरला: तळाशी किती राखावं. विद्याधरांनी तीन वर्षं कारखाने पालथे घातले, दोनशे पानं समीकरणं मांडली आणि निष्कर्ष काढला, की कार्ड मुठीच्या वर ठेवावं. परीक्षकांनी वाहवा केली.

डॉक्टरेटचं पत्र आलं त्या दिवशी ते अंगणातूनच ओरडत आले, "हेमा, साखर आण! तोंड गोड करू!"

"साखर नाही. दोन्ही डब्यांत मूठभरच आहे, तिला हात लावायचा नाही. तुमच्याच प्रबंधात लिहिलंय, पान एकशे बारा."

"पण कार्ड? कार्ड कुठे गेलं?"

"महिना झाला तुमच्या हातात देऊन."

डॉक्टर विद्याधर आगाशे यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. पिवळं कार्ड, चांगलं घडी करून ठेवलेलं!

ते काही बोलणार, तोवर हेमलता वाटी घेऊन भिंतीकडे निघालीही होती.