मॅविसच्या कोटाखाली

बायको मॅविस गेली त्याला सहा आठवडे झाले, आणि सहाही आठवडे सेल्बी बिस्किटांवर जगत होता. पन्नास वर्षं समुद्रात कॉड मासे पकडले, वादळातून होडी घरी आणली. पण चुलीशी त्याचा संबंध हात शेकण्यापुरता. देशाच्या दुसऱ्या टोकाहून, अल्बर्टाहून आलेल्या लेकीनं, ग्लेंडानं, गुरुवारची दोन विमानतिकिटंच काढून आणली.

“बाबा, इथं एकटे मराल तुम्ही!”

“मरेन की! तुझ्या आईशेजारी जागा आहे माझी. तिकडं कुठं पुरणार मला?”

“साधा पाव तरी येतो का? करून दाखवा, तुमचं तिकीट फाडते!”

म्हातारा इरेला पेटला. ग्लेंडा दुकानात जाताच त्यानं परात काढली. मैदा, मीठ, यीस्ट. पाणी कोमट लागतं हे त्याला कोण सांगणार? किटलीतलं उकळतं पाणी त्यानं धडाधड ओतलं, आणि यीस्ट जागच्या जागी मेलं. गोळ्यावर बोटानं क्रूस मात्र मॅविस काढायची तसा व्यवस्थित काढला. परात स्वयंपाकघरातल्या दिवाणावर, चुलीजवळ ठेवून वर मॅविसचा जुना हिवाळी कोट पांघरला. पीठ फुगायला तीही असंच ठेवायची.

तासाभरानं पाहिलं, ढिम्म. दोन तासांनी पाहिलं, ढिम्म. शेवटी तो दिवाणापाशी गुडघे टेकून बसला, कोटाच्या कडा नीट खोचल्या आणि रडवेला होऊन म्हणाला, “मॅविस, अगं, माझी लाज राख. पोरगी मला घेऊन चाललीय गं.”

नेमका तेव्हाच शेजारचा हेडली आत आला. आमच्या गावात दार वाजवतो तो फक्त परका माणूस. हेडलीनं मॅविसचा कोट पाहिला, कोटाखालचा फुगवटा पाहिला, आणि पांढराफटक पडून उलट्या पावली सुटला तो थेट दुकानात.

“सेल्बीनं मॅविसला घरी आणलंय!”

पंधरा मिनिटांत ग्लेंडा धापा टाकत आली. मागून पाद्रीबाबा, गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले.

“थडगं जागेवर आहे,” ते म्हणाले. “आत्ताच बघून आलो.”

“बाबा, कोटाखाली काय आहे?” ग्लेंडानं दारातूनच विचारलं.

आता काय करावं माणसानं? कोट उचलावा तर पैज हरली, न उचलावा तर डोकं फिरल्याचं ठरतंय. सेल्बीनं कोट उचलला. गोळा सकाळी होता तेवढाच.

“पाव आहे,” तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. पाद्रीबाबांनी वाकून बोट दाबलं. पीठ दबलं ते दबलेलंच राहिलं. “गेलाय हा, सेल्बी.”

“बरं. चल, येतो मी तुझ्याबरोबर.” म्हाताऱ्याचे खांदेच पडले. “पण निघायच्या आधी एकदा तू करून दाखव, ग्लेंडा. आईसारखा. या घरात एकदा तो वास येऊ दे.”

ग्लेंडानं त्याच्या हातातला कोट घेतला.

“मला नाही येत.”

“काय?”

“आई होती ना! मी कशाला शिकू?”

अंत्यविधीला जिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं, ती पोर आईचा कोट छातीशी धरून मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली. सेल्बीनं पिठाळ हात तिच्या पाठीवर ठेवला.

गुरुवारचं विमान गेलं. ही दोघं नाही गेली. रविवारपर्यंत बापलेकीनं मिळून आणखी चार पाव मारले, आणि चारही मुकाट्यानं खाल्ले.