भागाईस आभाळात नेल्याचे वर्तमान

श्रीगजाननास नमन, आणि हेच वर्तमान शंभरदा ऐकोनही ज्यांचे कान विटले नाहीत त्यांसही नमन. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, चैत्र मासी, एके राज्यी, ज्याचे नाव लिहावयाचे प्रयोजन नाही, तेथे रायाजी जासूद म्हणोन सरकारची पत्रे पोहोचविणारा होता. त्याची स्त्री भागाई. उभयता तिच्या माहेराहून छकड्यात बसोन सकाळी निघाली, आणि सावरखिंड चढता भर उन्हात आभाळातून परातीसारखे तेज उतरले, आणि बैल खाली बसले, आणि पुढील काही उमगले नाही. वाट दोन कोसांची, परंतु घरी पोहोचली ती दिवेलागणीस. भागाईचे लुगडे फाटले होते, आणि रायाजीच्या उजव्या पायाची वाहाण डाव्यात होती. मग हळूहळू उभयतांस आठवो लागले की, ठेंगण्या राखाडी माणसांनी वर नेले, नाडी पाहिली, दात तपासिले, आणि परत आणोन सोडिले.

भागाईचे मन की, गप्प बसावे. परंतु रायाजीच्या पोटात गोष्ट राहीना. त्याने पारावर सांगितली, आणि पारावरून ती कचेरीत गेली, आणि कचेरीतून हुजूर गेली. महाराजांनी उभयतांस आणविले, चिटणिसांकडून जबानी लिहविली, आणि चिताऱ्यास आज्ञा केली की, बाई सांगेल तैसे चित्र काढणे. भागाई म्हणाली, "त्यांचे डोळे बारीक होते, निजल्या माणसासारखे मिटलेले." चितारी म्हणाला, "बाई, मिटल्या डोळ्यांस कोण भिईल?" आणि त्याने डोळे कैरीएवढे काढिले, आणि महाराज बहुत खूष जाहले.

मग ते चित्र देशभर गेले. कुंभारांनी मोठडोळ्यांची मातीची बाहुली घडविली, शिमग्यात त्यांची सोंगे निघाली, आणि आया लेकरांस भिववू लागल्या की, "जेव, नाहीतर मोठडोळे नेतील." आणि वर्षाचे आत बत्तीस असामी उभे राहिले की, आम्हांसही नेले, आणि बत्तिसांनीही डोळे कैरीएवढेच पाहिले. जो तो भागाईचे दारी येई आणि सांगा म्हणे, आणि ती दळता दळता सांगे, सांगता सांगता जांभई देई. पुढे रायाजी तापाने वारला, तर तेराव्यास आलेल्यांनी डोळे पुसोन तेच पुसिले, "वहिनी, वर थंडी होती का हो?" आपण सांगतो ते आठवोन की पाठ म्हणोन, हे तिचे तिलाच कळेनासे जाहले.

ऐशी अकरा वर्षे गेली. मग कोंडाजी म्हणोन एक चौगुला, पाटलाचे हाताखालील कामदार, होता, त्याची स्त्री म्हाळसा नाहीशी जाहली, आणि तिच्या बापाने हुजूर येऊन टाहो फोडिला. कोंडाजी शपथेवर म्हणाला, "तीस मोठडोळ्यांनी नेले." दरबारी मंडळीस खरे वाटले. भागाईस साक्षीस आणविले, आणि दिवाण हळूच म्हणाले, "बाई, ऐसे होते, इतकेच म्हणावे. रायाजीचे नाव राहील."

भागाईने कोंडाजीस पुसिले, "दादा, डोळे कैसे होते?"

"कैरीएवढे! टक्क उघडे, मजकडेच पाहत होते. अगदी चित्रातले."

भागाईचे मनी आले की, खरे बोलावे तर बत्तीस असामी खोटे, आणि जग म्हणणार की रायाजीही खोटा. मग तिने त्या म्हाताऱ्या बापाकडे पाहिले, आणि म्हणाली, "महाराज, हे डोळे चिताऱ्याचे आहेत. माझी जुनी जबानी काढवावी."

दप्तर सोडोन जबानी वाचली, तीत डोळे मिटलेले निघाले. कोंडाजी दरडाविताच कबूल जाहला की, दुसरी बायको करणे होती म्हणोन म्हाळसेस जमिनीखालील धान्याच्या पेवात कोंडिले, परंतु जीव घेववेना म्हणोन रोज दोरीने पाणी खाली सोडितो. तत्काळ स्वार गेले, आणि म्हाळसा जिवंत निघाली.

मग बत्तिसांनी भागाईचे दारावर शेण फेकिले, आणि लोक रायाजीस लबाड जासूद म्हणो लागले. ते तिने ऐकोन घेतले.

पुढे म्हाळसा हिंडोफिरो लागली तेव्हा भागाईचे घरी आली. भागाईने सवयीने आरंभिले, "चैत्र महिना होता, ऊन मी म्हणत होते..."

म्हाळसा म्हणाली, "आत्याबाई, राहू द्या ते. किती दमलात. सरा तिकडे, भाकऱ्या मी थापते."

भागाई भिंतीस टेकोन बसली, आणि अकरा वर्षांत घरी आलेल्या माणसाने प्रथमच काही पुसिले नाही, म्हणोन तिला रडू आले.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. खिंडीत काय घडले ते श्री जाणे. म्हाळसा वाचली, इतके खरे. लिहिणाराचाही हात भरोन आला, सबब येथेच पुरे.