सर्दी की धूळ?

आमच्या गल्लीत कुणी शिंकलं की समोरच्या खिडकीतून दामूअण्णांचा आवाज येतो, "सर्दी की धूळ?"

बऱ्हाणपुरात हा प्रश्न अगदीच वेडगळ नाही. आमची पॉवरलूमची गल्ली. सुताचा बारीक कापूस हवेत, केसांत, चहात. दिवसभर कुणी ना कुणी शिंकतंच. पण नुसतं "धूळ, अण्णा" म्हणून सुटका नाही. घसा खवखवतो का? अंग मोडून आलंय का? काल कुणाच्या लग्नात जेवलास? संशय आला की हात जोडून म्हणणार, "माफ कर भाऊ, आमची पायरी चढू नको." एकदा भटजींनाच त्यांनी अंगणातून सत्यनारायणाची कथा सांगायला लावली. भटजी बिचारे ओरडून ओरडून खोकायला लागले, तेव्हा अण्णांनी खिडकीही लावून घेतली!

आत अण्णांची बायको, शांताकाकू असतात. साध्या सर्दीचा न्यूमोनिया झाला, तेव्हापासून त्यांची फुप्फुसं अधूच आहेत.

गेल्या हिवाळ्यात अण्णा स्वतःच शिंकले. मग मुकाट्यानं खाट ओट्यावर आणली. जेवण खिडकीतून.

"अहो, धूळच असेल. आत या ना," काकू म्हणायच्या.

"असेल. अन् नसली तर?"

तेवढ्यात त्यांची भाची केतकी इंदूरहून आली. ती तिकडे संशोधन करते. आल्या आल्या तिनं नाकात घालायची काडी काढली.

"मामा, विषाणू शिरला की नाकातल्या पेशींमधली सूज आणणारी जनुकं कामाला लागतात. ती किती जागी आहेत, ते आम्ही मोजतो."

"कोणता विषाणू, तेही कळतं?"

"नाही. विषाणू आहे की नाही, एवढा अंदाज. अजून प्रयोगच चालू आहे, चुकूही शकतो."

"म्हणजे माझ्या नाकालाच विचारायचं, सर्दी की धूळ?"

"तसंच समजा."

अण्णा एकदम खाटेवर ताठ बसले. "मग घाल काडी!" डोळ्यांतून पाणी आलं, तरी म्हणाले, "दुसऱ्या नाकपुडीतनंही घे, बाई. कुणाच्या तरी कामी येईल."

काही दिवसांनी केतकीचा फोन आला, "जनुकं शांत आहेत, मामा. पण आमच्यावर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा." डॉक्टरांनीही तपासून धुळीचाच त्रास सांगितला.

खाट आत न्यायला मी गेलो. अण्णा पुढं झालेच होते. काकू पाटावर पाठमोऱ्या बसल्या होत्या आणि अण्णा मागं बसून त्यांच्या केसांना तेल लावत होते. हात वर केले की काकूंना धाप लागते, म्हणून वेणी तेच घालतात. गल्लीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"केवढा गुंता करून ठेवलास! शेजारणीला नाही सांगायचं?"

"दुसऱ्या कुणाचा हात नाही आवडत मला."

अण्णा टोकाकडून एकेक केस सोडवत राहिले. मी खाट भिंतीला टेकवली आणि चपला हातात घेऊन बाहेर आलो.