दोनशे ग्रॅम प्रमाणित कचरा

सुजितच्या हातात झाडू आला आणि चौथ्याच दिवशी त्याला साक्षात्कार झाला, की घरात व्हॅक्यूम क्लीनर नाही ही फार मोठी गैरसोय आहे. त्याआधी सात वर्षं तेजल त्याच झाडूनं तीच फरशी झाडत होती, तेव्हा ही गैरसोय कुणाला दिसली नव्हती. आता तिच्या मणक्याची चकती सरकली, डॉक्टरांनी तीन महिने वाकायचं नाही म्हणून बजावलं, आणि नवऱ्याला एकदम विज्ञानाचा कळवळा आला. बाई लावावी तर सुजितच्या आईला, इंदुताईंना, परक्या बाईनं देवघरापाशी झाडलेलं चालत नव्हतं. मुलानं झाडलेलंही चालत नव्हतं. पण त्यावर त्या नुसतं "काय दिवस आले" म्हणायच्या. झाडू काही हातात घ्यायच्या नाहीत.

"बिनवायरचा घेऊ," सुजित म्हणाला. "हलका असतो. उभ्यानं चालवता येतो. तुलाही त्रास नाही."

"मलाही? म्हणजे मशीन आलं की मी परत सुरू?"

"तसं नाही गं. आपण दोघं."

"'दोघं' हा शब्द या घरात आजच ऐकला," तेजल म्हणाली आणि कुशीवर वळली.

दुसरा कुणी असता तर चिंचवडच्या एखाद्या दुकानात जाऊन अर्ध्या तासात मशीन घेऊन आला असता. पण सुजित चाकणच्या एका ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होता. दुसऱ्याचा माल नापास करायचा आणि त्याचा पगार घ्यायचा, यात त्याची अकरा वर्षं गेली होती. त्यानं चौदा रकान्यांचा तक्ता केला. सक्शन, बॅटरी, वजन, आवाज, डब्याचा आकार, ब्रशात केस गुंततात का. मग इंटरनेटवरची लोकांची मतं वाचली. एकानं पाच तारे देऊन लिहिलं होतं, 'अजून उघडलं नाही.' त्याचीही नोंद झाली.

यात तीन आठवडे गेले. घर झाडायला रोज दहा मिनिटं लागायची आणि तक्त्याला दोन तास. हा हिशेब मात्र चौदापैकी एकाही रकान्यात बसत नव्हता.

तक्त्यात पहिलं आलेलं मशीन नेमकं वरच्या मजल्यावरच्या उद्धवरावांकडे निघालं. उद्धवराव मोशीचे जुने रहिवासी. बिल्डिंग उभी होती ती जमीन त्यांचीच, त्यामुळे चार फ्लॅटही त्यांचेच.

"न्या की," ते म्हणाले. "आमच्या सुनंनं, पिंकीनं घेतलंय. पण सांभाळून बरं का. लई जपती ती त्याला."

ट्रायल गुरुवारी ठरली, कारण कंपनीला सुट्टी गुरुवारची. दुकानदार चकचकीत फरशीवर चार टरफलं ओढून दाखवतो, त्यावर सुजितचा विश्वास नव्हता. त्यानं स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रमाणित कचरा तयार केला. शंभर ग्रॅम गव्हाचं पीठ, पन्नास ग्रॅम शेजारच्या साइटवरची वाळू, तीस ग्रॅम चिवडा आणि वीस ग्रॅम केस. केस कोपऱ्यावरच्या सलूनमधून पिशवीत भरून आणले होते. हॉलमध्ये खडूनं चौकोन आखून त्यानं सगळं सारखं पसरलं आणि फोटो काढला.

तेवढ्यात इंदुताई दत्ताच्या देवळातून आल्या आणि अनवाणी पायांनी थेट चौकोनात उभ्या राहिल्या.

"हे काय रे?"

"कचरा आहे, आई."

"ते दिसतंय. टाकला कुणी?"

"मी."

इंदुताईंनी पायाला चिकटलेलं वर धरून पाहिलं. "आणि हे केस कुणाचे?"

सुजितनं इन्स्पेक्टरच्या प्रामाणिकपणानं उत्तर दिलं, "मिक्स आहेत. सलूनमधले."

इंदुताई चौकोनातून बाहेर आल्या. मग थंडपणे म्हणाल्या, "गुरुवार. माझा उपास. समोर दत्ताचा फोटो. आणि तू गावभरच्या डोक्यांचे केस घरात आणलेस." त्यांनी तांब्यात पाणी घेतलं, त्यात गोमूत्र घातलं आणि शिंपडायला सुरुवात केली. राग मोठा होता, त्यामुळे तांब्या रिकामा झाला. "हे निघाल्याशिवाय मी पाण्याचा घोट घ्यायची नाही," असं सांगून त्या खुर्चीत जाऊन बसल्या. त्यांना साखरेचा त्रास. अकराची गोळी व्हायची होती.

"फडक्यानं पुसून घे," तेजल दिवाणावरून म्हणाली.

"मशीन आहे ना," सुजित म्हणाला आणि त्यानं ते सगळ्यात वरच्या वेगावर ठेवलं.

तोवर पिठाची कणीक झाली होती. मशीननं ती केसांसकट ओढली, दोन आवंढे गिळले, कण्हलं, जळका वास सोडला आणि गप्प झालं. कोरडाच कचरा ओढावा, असं डब्यावर लाल अक्षरांत छापलं होतं. एवढं वाचायला तक्ता लागत नाही, म्हणूनच बहुधा ते वाचायचं राहिलं होतं. मग सुजितनं गुडघ्यांवर बसून ती फरशी हातानं खरवडली.

संध्याकाळी उद्धवरावांनी मशीनचा डबा उघडून आत पाहिलं.

"यात कणीक कुणी मळली?"

"ट्रायल घेत होतो, काका."

"आपल्या मशीनची घ्यावी राव ट्रायल." त्यांनी डबा बंद केला. "माजं काय न्हाई. पण पिंकी आता बोलाय लागंल, आन् ती बोलाय लागली की मी घरात थांबत न्हाई. आज तुमच्याकडंच जेवतो."

उद्धवराव सलग तीन रात्री जेवायला आले. चौथ्या दिवशी नवं मशीन आलं आणि परस्पर वरच्या मजल्यावर गेलं. तक्त्याप्रमाणे निवड अचूक होती. पिंकीची एकही तक्रार आली नाही. सुजितनं आपल्या घरासाठी ठेवलेले पैसे त्यातच गेले. आता बोनस होईपर्यंत झाडू. मग त्यानं मशीनचा नाद सोडला आणि तेजलच्या तीन महिन्यांवर डोळा ठेवला. एखादा नवरा बायकोच्या पाठीची इतकी चौकशी करतो हे पाहून बिल्डिंगमधल्या बायका त्याचं कौतुक करायच्या.

तीन महिने झाले त्या दिवशी त्यानं हाफ डे टाकला आणि तिला दवाखान्यात नेलं. तो खाली गाडीपाशी थांबला. तेजल हसत बाहेर आली.

"काय म्हणाले?"

"पाठ छान आहे म्हणाले. वाकायला हरकत नाही."

सुजितनं दत्तगुरूंना मनातल्या मनात हात जोडले. "म्हणजे मग आता झाडायला..."

"तेच विचारलं त्यांनी. घरात झाडलोट कोण करतं? म्हटलं, हे करतात. रोज, न सांगता, कोपरे धरून. तर म्हणाले, मग चाललंय तेच चालू ठेवा, उगाच बदल कशाला." तिनं फाइल त्याच्या हातात दिली. "लिहूनही दिलंय."

सुजितनं कागद दोनदा वाचला. उजेडात धरून पाहिला. सही होती, शिक्का होता, तारीख बरोबर होती. अकरा वर्षांच्या नोकरीत इतका बिनचूक कागद त्याच्या हाती आला नव्हता.