एकसष्टावं नाव

आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर बांबूला एक पायजमा लटकलेला असतो. वाळत घातलेला नाही, तो वाऱ्याची दिशा दाखवतो. पायजमा पाटणकर काकांचा आणि कल्पनाही त्यांचीच. अंबरनाथमध्ये राहायचं तर वारा केमिकल कंपन्यांकडून येतोय की शिवमंदिराकडून, हे कळलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

काका फॅक्टरीत माल तपासायचे. तिथे अख्खा लॉट पास, नाहीतर अख्खा लॉट फेल. रिटायर झाल्यावर त्यांनी माणसांचेही लॉट पाडले. कुणी मदत मागितली की एकच प्रश्न, "किती जणांचा फायदा?"

जोशीबाई जिन्यात घसरल्या तेव्हा काका त्यांना ओलांडून वर गेले आणि कठड्यासाठी अर्ज लिहून खाली आले. "तुम्हाला उचललं तर एक. कठडा झाला तर साठ," ते समजावत होते. बाई तोवर तिसऱ्या पायरीवरच होत्या.

आम्ही हसायचो. मग काकांनी गॅसगळतीची यादी केली आणि माझं हसू गेलं. त्यांनी गच्चीवर जाऊन वारा बघायचा, शिट्टी मारून दिशा सांगायची आणि सगळ्यांनी यादीतल्या नंबराप्रमाणे उतरायचं. ती वाचून दाखवायला ते आमच्याकडे आले, आईच्या खोलीत. लकवा झाल्यापासून आई अंथरुणावरच असते. शब्दही एखादाच फुटतो. तिचा नंबर एकसष्ट, म्हणजे शेवटचा.

"काका, आई शेवटी?"

"वहिनींना उतरवायला चार जण लागतात, सुधीर. तेवढ्या वेळात ते चार जण बारा पोरं काढतील. यात पर्सनल काही नाही."

हिशोबात चूक सापडेना, म्हणून मी जास्तच घाबरलो. आईला सांभाळणाऱ्या मावशी दुपारी दोनला जातात, मी उल्हासनगरच्या ऑफिसातून साडेसहाला पोचतो. मधल्या वेळासाठी एक किल्ली काकांकडे असते. त्या साडेचार तासांत काही झालं तर एकसष्टावा नंबर कधी लागणार, हा हिशोब मी रोज ऑफिसात करत बसायचो.

आणि ते झालंच. पाच वाजता शेजारच्या दळवीचा फोन आला. "यार, डोळे जाम जळतायत. गॅस लीक झालाय कुठेतरी. आम्ही सगळे खाली आलोय."

"आई?"

"शिट्टीच नाही वाजली रे. काका पण दिसत नाहीत."

रिक्षात मी काय बडबडत होतो आठवत नाही. बुवापाड्यापासूनच घसा खवखवू लागला. गेटवर लोक तोंडाला रुमाल लावून कुणी इकडे, कुणी तिकडे पळत होते. वर पायजमा फडफडत होता, पण त्याच्याकडे बघून सांगणारं कुणी नव्हतं.

आमचं दार आतून बंद होतं. खालच्या फटीत ओली चादर कोंबलेली.

"आत्ता उघडणार नाही," आतून काकांचा आवाज आला. "वहिनी ठीक आहेत. तू खाली जा."

मी गेलो नाही, जिन्यातच बसलो. अर्ध्या तासाने दार उघडलं. खिडक्यांना टेप, आईच्या नाकातोंडावर ओला पंचा आणि तिचा हात काकांच्या दोन्ही हातांत. शिट्टी त्यांच्या गळ्यातच होती.

"खालून गच्चीवरच निघालो होतो," काका म्हणाले. "तुमच्या दारावरून जाताना आतून खोकला ऐकू आला. तरी सहा पायऱ्या चढलो रे. पुढे नाही जाता आलं."

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये लोकांनी त्यांना धारेवर धरलं. जोशीबाई नेमक्या चुकीच्या बाजूला पळाल्या होत्या आणि आता हॉस्पिटलात होत्या. लोकांचं चुकत नव्हतं. मला त्यांच्या बाजूने बोलायचं होतं, पण तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी ते यादी घेऊन आमच्याकडे आले. "आता हे तू सांभाळ."

आईच्या उशाशी बसून मी ती पहिल्यांदाच नीट वाचली. काकू गेल्यापासून चौथ्या मजल्यावर एकटे राहणारे पाटणकर यादीत कुठेच नव्हते.

"काका, तुमचं नाव?"

"मी तपासणारा. तपासणाऱ्याला लॉटमध्ये धरत नाहीत."

आईचे ओठ हलले. पाणी हवं असेल म्हणून मी वाकलो.

"बासष्ट," ती म्हणाली.

मी नाव लिहून घेतलं. आता डोळे जरा चुरचुरले तरी मला आमचं आणि काकांचं अशी दोन दारं आठवतात, आणि पूर्वीपेक्षा जास्त भीती वाटते.