पाठ लागली तरी खेळ चालू

वस्ताद माणसाचा चेहरा नंतर बघतात, आधी कान बघतात. लग्नात नवरामुलगा दाखवला तरी त्यांची नजर त्याच्या कानावर. पहिलवानाचा कान मातीत घासून, मार खाऊन सुजतो आणि मग आल्याच्या तुकड्यासारखा घट्ट होतो. वस्तादांचे दोन्ही कान तसे आहेत, आणि जगातल्या बाकी सगळ्या कानांची त्यांना कीव येते. माझा कान त्यांनी आमच्या दारात उभं राहून पाहिला, मान हलवली आणि आईला म्हणाले, "कोवळा हाय. पर इंग्रजी वाचती न्हवं?"

"वाचते की. दुसरं काय करते ती?" आई म्हणाली.

"मग द्या महिनाभर."

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काही बोलले नसते. अशी मी रग्बीत गेले.

कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या मागे वस्तादांची तालीम आहे. तालमीचा कारभार बघणाऱ्या पंचांशी भांडून त्यांनी संध्याकाळचा एक तास पोरींच्या कुस्तीसाठी मिळवला होता. कुणी एक खेळाचे शिक्षक तिथे आले, या पोरींना रग्बीत फार वाव आहे म्हणाले, दोन लांबट चेंडू आणि नियमांचं पुस्तक देऊन गेले आणि आठवड्याभरात त्यांची आजऱ्याला बदली झाली. पुस्तक इंग्रजीत होतं. वस्ताद चौथी शिकलेले. म्हणून मी.

शाळेत मी दहा वर्षं मागच्या बाकावर काढली. कुणी नाव विचारलं तरी माझ्या तळहाताला घाम येतो. आणि आता नऊ पहिलवान पोरी तांबड्या मातीत मांडी घालून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांची कॅप्टन राजश्री. सकाळी स्कूटरवरून घरोघर दूध घालणारी आणि संध्याकाळी कुणालाही पाडणारी. पहिल्या दिवशी तिने मला एका हाताने उचललं आणि बाकीच्यांना दाखवलं, "वजनच न्हाय गं. नुस्तं दप्तर."

मी वाचलं, "चेंडू पुढे टाकायचा नाही. पळायचं पुढे, पण टाकायचा मागे."

वस्तादांनी मला थांबवलं. "म्होरं जायाचं आणि मागं टाकायचं? ह्यो खेळ कुणी काढलाय, आमच्या भावकीनं?"

एक पान मात्र त्यांना मनापासून पटलं. मानेला हात लावायचा नाही, समोरच्याला उचलून डोक्यावर आपटायचं नाही, असं लिहिलेलं पान. ते मला रोज वाचावं लागायचं. "मानंचं पान वाच," ते म्हणायचे. वाचून झालं की सगळ्यांकडे बोट फिरवायचे, "मान सोडून काय बी धरा. मान देवाची." पोरी मागे त्यांची नक्कल करायच्या. दुधात पाणी किती, असं कुणी राजश्रीला विचारलं तरी ती म्हणायची, "दूध सोडून काय बी इचारा. दूध देवाचं."

मला भीती वाटायची ती आवाजाची. दोन पोरी एकमेकींवर आदळल्या की ओलं पोतं फरशीवर टाकल्यासारखा आवाज यायचा, आणि तो मला कानात नाही, पोटात ऐकू यायचा. सामन्याच्या दिवशी मला सकाळपासून चहा जायचा नाही, आणि मी तर खेळतही नव्हते. एकदा वस्तादांनी माझा चेहरा पाहिला. "भ्या वाटतंय? असूदे की. खिशात घालायचं आणि यायचं."

"वस्ताद, खेळायच्या चड्डीला खिसा कुठाय?" राजश्री म्हणाली.

"मग शिवून घ्या!"

पहिला सामना सांगलीला झाला. शिट्टी वाजली, समोरची एक मुलगी चेंडू घेऊन पळत आली आणि राजश्रीने तिला कमरेत धरून अशी काही फिरवली की ती अलगद उताणी झाली. पाठ मातीला लागली. कुस्ती संपली! राजश्रीने हात वर केला आणि धावत वस्तादांच्या पाया पडायला आली. तिच्या मागोमाग बाकीच्याही आल्या. वस्ताद एकेकीच्या पाठीवर थाप मारत होते. तेवढ्यात पडलेल्या मुलीच्या जोडीदारणीने चेंडू उचलला आणि ती गुण घ्यायला निघाली. इतक्या सावकाश, की जाता जाता तिने केस बांधले.

"खेळ चालू आहे!" शिट्टीवाला पंच ओरडला.

"चालू कसा?" वस्ताद त्याच्याहून मोठ्याने ओरडले. "पाठ लागली की!"

सामना संपेपर्यंत पोरींची ही सवय गेली नाही. परतताना गाडीत वस्ताद हिशेब मांडत बसले. "अकरा पाठी लावल्या. आपली एक न्हाय लागली. मग हरलो कसं?"

मी हळूच म्हणाले, "वस्ताद, इथे पडल्यावर संपत नाही. पडलेल्याने उठायचं आणि पुन्हा खेळायचं."

"वाच."

मी ते पान वाचलं. ते खिडकीबाहेर उसाकडे बघत होते. "परत वाच," म्हणाले. मग स्वतःशीच, "बरं हाय की हे."

हंगामात आम्ही एक सामना जिंकलो, तोही समोरच्या संघाची गाडी घाटात बंद पडली म्हणून. पण मी रेषेबाहेर बसायचे, त्यामुळे पोरींना न दिसणारी एक गोष्ट मला दिसायची. वस्ताद सामनाभर शिव्या देत रेषेवरून फिरायचे. कुणी पडलं की शिव्या बंद. पाय बंद. ती पोरगी उठून माती झटकेपर्यंत ते श्वाससुद्धा घेत नसावेत. ती उठली की, "अगं ए, झोपायला आलीस व्हय?" आणि पुन्हा चालायला लागायचे. मला वाटायचं, इतका आरडाओरडा करणारा माणूस घाबरत नसेल. मग वाटायचं, मी ओरडत नाही म्हणून माझी भीती दिसते, एवढंच.

शेवटचा सामना कोल्हापुरातच होता. तोपर्यंत एकीचं लग्न झालं, एक पोलीस भरतीच्या तयारीला गेली, एकीचं बोट मोडलं. राहिल्या सहा. सात उतरल्या नाहीत तर संघ बाद. आणि तालमीच्या पंचांनी आधीच बजावलं होतं, हंगाम पुरा झाला नाही तर पोरींचा तास बंद. पंच त्या दिवशी मैदानावर खुर्च्या टाकून बसले होते. आम्ही बाद व्हायची वाट बघत.

राजश्रीने माझ्याकडे पाहिलं. "तू नुस्ती कडंला उभी ऱ्हा. चेंडू मी येऊ देतच न्हाय तुझ्याकडं."

"न्हाय," वस्ताद म्हणाले. "तिला उतरवायची न्हाय."

"वस्ताद, तास जाईल आमचा!"

"जाऊदे."

याच तासासाठी हा माणूस पंचांच्या अंगावर धावून गेला होता. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्याची लाज वाटली. सहाही जणी आता माझ्याकडे बघत होत्या. इतक्या लोकांसमोर नाही म्हणायला जे धैर्य लागतं ते माझ्यात नाही. मी म्हणाले, "उतरते मी."

राजश्रीने शब्द पाळायचा खूप प्रयत्न केला. पहिला निम्मा सामना मी कडेला उभी राहून चेंडू कुठल्या बाजूला आहे एवढंच बघत होते. मग चेंडू आला. कसा आला ठाऊक नाही. तो माझ्या हातात होता आणि समोरून पुण्याच्या संघातली एक मुलगी येत होती. तिच्या नाकावरचं चिकटपट्टीचं टोक सुटलेलं मला स्पष्ट दिसलं. आवाज मला आलाच नाही. वर आकाश होतं आणि छातीत हवा नव्हती. मी श्वास घ्यायला गेले, तो आत येईना. मला वाटलं, संपलं.

वस्ताद धावत आत आले. माझ्याजवळ गुडघ्यावर बसले, पण मला हात लावेनात. त्यांचे हात हवेतच होते.

"हलू नगंस. मान हलवू नगंस. पायाची बोटं हलव. पोरी, बोटं हलव की."

मी हलवली. पण बुटातली बोटं दिसणार कशी? या साठीच्या माणसाने भर मैदानात माझ्या बुटाची नाडी सोडायला घेतली. ती सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. मग मोजा ओढून काढला आणि माझ्या पायाच्या बोटांवर डोळे लावून बसले.

मी अंगठा हलवला.

"हाललं!" वस्ताद खुर्च्यांवरच्या पंचांकडे वळून ओरडले. "हाललं! हाललं!"

पुण्याच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. माझ्या छातीत हवा आली, मी उठून बसले. वस्तादांना मात्र उठता येईना. राजश्रीने आणि आणखी एकीने त्यांना काखेत धरून बाहेर नेलं. मी एका पायात बूट घालून उरलेला सामना खेळले. आम्ही फार वाईट हरलो. पण सात होतो, शेवटपर्यंत. तास राहिला.

सोमवारी सकाळी वस्ताद दारात. "गारगोटीला येतीस? एकाला मॅच सांगायची हाय. मला न्हाय सांगता येत."

गारगोटीत बाजाराच्या मागे एका घरात, खिडकीशी लावलेल्या खाटेवर, एक म्हातारे पहिलवान पडून होते. खांदे अजून रुंद, कमरेपासून खाली चादर सपाट. त्यांचं सगळं बघणारी त्यांची भाची त्यांना आबा म्हणत होती. वस्ताद आत मालिशचं तेल गरम करायला गेले. ते घर त्यांच्या पायाखालचं होतं.

आबांनी माझ्या कानाकडे पाहिलं आणि हसले. "ही व्हय ती, पडलेली?"

"हो," मी म्हणाले.

"मी बी पडलोय. तीस वर्सं झाली. ह्यानंच टाकलं. डाव चांगला हुता." ते स्वयंपाकघराकडे बघून जरा मोठ्याने म्हणाले, "तवापास्नं दर सोमवारी येतंय आणि पायाकडं बघत बसतंय. म्हटलं, लेका, तोंडाकडं बघ की. ते हालतंय!"

आतून वाटी ठेवल्याचा आवाज आला.

मी मॅच सांगितली. इतकं सलग मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. दातांनी नाडी सोडली तिथे आबा इतके हसले की त्यांना खोकला आला. मग त्यांनी मला जवळ बोलावलं, माझा हात धरला आणि आवाज खाली आणला.

"तू उठलीस तवा, रडला काय त्यो?"

मैदानाबाहेर, पाण्याच्या पिंपाआड, टॉवेलात तोंड घालून बसलेले वस्ताद मी पाहिले होते.

"नाही," मी म्हणाले. "शिव्या देत होते."

"लबाड हाईस," आबा म्हणाले, आणि माझा हात त्यांनी सोडला नाही.

वस्ताद तेलाची वाटी घेऊन आले. "काय चाललंय?"

"काय न्हाय. खेळाचं," आबा म्हणाले. "बस. आज निवांत बस जरा."