बिनधोक पैजेचा तक्ता

कोणत्याही निवडणुकीत मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत सर्व उमेदवार निवडून आलेले असतात. मतमोजणी ही या सुस्थितीत नाहक ढवळाढवळ करते. बंगळूरच्या चामराजपेठेतल्या आमच्या मराठी स्नेहवर्धक मंडळात १९९६ साली अध्यक्षपदासाठी दोघे जण उभे राहिले, तेव्हा हा सिद्धान्त पाच आठवडे अबाधित राहिला. (सभावृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे असल्याने पुढील मजकूर अधिकृत समजावा.)

पहिले उमेदवार विश्वासराव. यांचे पूर्वज शहाजीराजांच्या काळात बंगळूरला कामासाठी आले आणि परत जायचे राहून गेले. विश्वासरावांचे वाक्य कानडी ‘सरी’ने (म्हणजे ‘बरं’) सुरू होई, ‘अल्वा?’ने (म्हणजे ‘नाही का?’) संपे, आणि मधल्या जागेत ते शुद्ध मराठी बोलत. दुसरे उमेदवार सुशांत. हे पुण्याहून तीन वर्षांपूर्वी संगणक कंपनीत आलेले. यांचे वाक्य ‘अ‍ॅक्च्युअली’ने सुरू होई आणि त्यात मराठीची पाळी येईच असे नाही. मंडळातल्या जुन्या आणि नव्या लोकांत वैर मुळीच नव्हते. वैराला एकमेकांशी बोलावे लागते.

निवडणूक म्हटली की पैजा आल्या. जुन्या मंडळींच्या पैजा बिंदुमाधवअण्णांच्या ओसरीवर संध्याकाळच्या कॉफीबरोबर लागत, आणि अण्णा त्या वहीत लिहून घेत. तिथे विश्वासरावांचा विजय इतका पक्का होता, की सुशांतवर रुपया लावणाऱ्याला, सुशांत आलाच तर, अडीच रुपये परत द्यायचे ठरले होते. नव्या मंडळींचा कारभार संपदा नावाच्या मुलीकडे, कंपनीच्या कँटीनमध्ये. तिथे सुशांत आल्यातच जमा होता, म्हणून विश्वासरावांवर रुपया लावणाऱ्याला तीन रुपये कबूल केले होते. दोन्ही ठिकाणी हा भाव दया म्हणून दिलेला होता.

हे दोन्ही भाव एकाच दिवशी ऐकणारा माणूस साऱ्या बंगळुरात एकच निघाला. त्याचे नाव रविकिरण. वय सत्तावीस, पुण्याहून त्याच कंपनीत येऊन आठ महिने झालेले. तो कँटीनमध्ये संपदाच्या टेबलावर जेवत असे आणि राहायला अण्णांच्या शेजारच्या घरातल्या मागच्या खोलीत होता. दुपारी त्याने तीनचा भाव ऐकला, संध्याकाळी अडीचचा, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत एक तास लवकर जाऊन संगणकावर तक्ता मांडला.

तक्ता असा. सुशांतवर सहा हजार लावायचे. तो आला तर अडीचपट, म्हणजे पंधरा हजार. विश्वासरावांवर पाच हजार लावायचे. ते आले तर तिप्पट, म्हणजे पंधराच हजार. लावायचे एकूण अकरा हजार, हाती येणार पंधरा. कोणीही निवडून येवो, चार हजार खिशात. ज्याचा भाव मोठा त्याच्यावर कमी लावायचे आणि ज्याचा छोटा त्याच्यावर जास्त, एवढीच यातली विद्या. पण स्प्रेडशीटमध्ये घातल्यावर तिला जे तेज चढते ते कागद-पेन्सिलीला येत नाही. रविकिरणने तो तक्ता भोकाभोकांच्या लांब कागदावर छापून घेतला आणि घरी नेऊन बायकोपुढे, म्हणजे उल्कापुढे, पसरला.

घरी अकरा हजार होते. पण ते यशवंतपूरच्या जागेचे होते. एक खोली, वेगळे स्वयंपाकघर आणि नळ आत. भाडे अकराशे, आणि बंगळूरच्या रिवाजाप्रमाणे दहा महिन्यांचे आगाऊ, निवडणुकीनंतर येणाऱ्या एक तारखेला रोख. उल्काने हिंदीच्या शिकवण्या करून त्यातले निम्मे जमवले होते. मागच्या खोलीत स्टोव्ह पलंगाखाली ठेवावा लागे, आणि ती आठ महिने हे हसतमुखाने सांगत आली होती. नवव्या महिन्यात हसू थोडे आखडले होते.

तिने तक्ता दोनदा वाचला.

“म्हणजे कोणीही आलं तरी चार हजार?”

“कोणीही.”

“मग सगळे असं का करत नाहीत?”

“सगळ्यांना दोन्हीकडे जावं लागेल ना,” रविकिरण म्हणाला.

उत्तर बिनतोड होते. उल्काने डब्यातून पैसे काढून दिले.

आता सहा हजार एकदम लावले तर अण्णांना संशय येईल आणि भाव उतरेल, म्हणून रविकिरणने पाचशे-पाचशेचे हप्ते पाडले. अण्णांकडे बारा, संपदाकडे दहा. पण पाचशे रुपये देऊन लगेच उठणे बरे दिसत नाही. मग बसावे लागे. बसले की काम निघे. पाच आठवड्यांत रविकिरणकडून झालेली कामे माझ्याकडे नोंदलेली आहेत: जुन्या बाजूला, ओसरीवर येणाऱ्या सगुणाबाईंच्या पेन्शनचे अर्ज तीन, मुंजीत वाढप दोन वेळा, फ्यूज बदलणे सात; नव्या बाजूला, गॅसच्या नंबरासाठी रांगेत उभे राहणे चार वेळा, नव्याने आलेल्या कुटुंबाचे सामान स्टेशनवरून आणणे एकदा (कपाटासह), आणि संपदाच्या आईला मारुतीच्या देवळात नेणे दर शनिवारी. कॉफीचे पेले मोजलेले नाहीत.

भाव मात्र पाच आठवडे तसूभरही हलला नाही. सुशांतवर पैसे लावणारा हा मुलगा चांगला आहे, फक्त स्वल्प भोळा आहे, असे ओसरीवर मत पडले. विश्वासरावांवर पैसे लावणारा हा मुलगा चांगला आहे, फक्त जरा सेंटिमेंटल आहे, असे कँटीनमध्ये. रविकिरण रोज सकाळी तक्ता उघडून पाही. आकडा तोच असे: चार हजार. त्या आनंदात त्याने उल्काला सिल्क बोर्डाच्या दुकानात एक साडी नुसती दाखवूनही आणली.

सभा रविवारी सकाळी दहाला होती. निवडणूक अधिकारी भीमाचार्य, वय अठ्ठ्याहत्तर, संस्कृतचे निवृत्त अध्यापक. सुरुवातीलाच मतदान हात वर करून घ्यावे की चिठ्ठीने, असा प्रश्न निघाला. जुने लोक चिठ्ठी म्हणाले. नवे लोक हात म्हणाले. यावर दोन तास वीस मिनिटे विचारविनिमय झाला. मागे पातेल्यात उप्पिट निवत होते, आणि त्याचा वास हा सभेतला एकमेव सर्वमान्य मुद्दा होता.

अखेर विश्वासराव उठले. आपल्याला खुर्चीचा मोह नाही, मंडळात फूट पडणार असेल तर आपण नाव मागे घेतो, असे ते म्हणाले आणि थांबले. असे म्हटल्यावर लोकांनी ‘नाही नाही’ म्हणायचे असते. पण जुने लोक गहिवरात होते आणि नवे लोक टाळ्या वाजवत होते. ते पाहून सुशांतनेही उदारपणात मागे राहायला नको म्हणून नाव मागे घेतले, आणि तोही थांबला. आता जुन्यांनी टाळ्या वाजवल्या. भीमाचार्यांनी तत्परतेने दोन्ही नावांवर काट मारली. (शाईची. त्यांना पेन्सिल वापरण्याची सवय नव्हती.)

उमेदवारांची संख्या शून्य झाली. दोन्ही बाजूंना ठाऊक असलेला एखादा माणूस या सभागृहात आहे काय, असे भीमाचार्यांनी विचारले. ते विचारायचे म्हणून विचारत होते; त्यांना उत्तराची आशा नव्हती.

“आहे की,” सगुणाबाई म्हणाल्या. “आमचा रविकिरण.”

“आमचा पण,” संपदा म्हणाली.

त्रेसष्ट माणसे एकाच वेळी एकाच दिशेला वळली. असा प्रसंग मंडळाच्या इतिहासात दुसरा नाही.

रविकिरण नाही म्हणायला उठला. आणि तिथेच त्याच्या लक्षात आले, की नाही म्हणायचे तर कारण सांगावे लागेल. खरे कारण एकच होते. दोघांपैकी एक आला तरच त्याला पैसे मिळणार होते, आणि हे सांगितले असते तर आपण ओसरीवर एक आणि कँटीनमध्ये दुसराच माणूस होतो हे दोन्हीकडे कळले असते. तक्त्यात दोन रकाने होते. तिसरा असावा असे तक्त्याने सुचवले नव्हते. विचारलेल्याचेच उत्तर द्यायचे ही तक्त्याची सचोटी. रविकिरणचे कान लाल झाले, आणि लोकांना तो विनय वाटला.

मग त्याने बायकांच्या बाजूला पाहिले. उल्का पहिल्या रांगेत होती. सहा गेले आणि पाचही गेले, हे तिने बोटांवर मोजून संपवले होते. तिने बोटे मिटली.

“हो म्हण,” ती हळूच म्हणाली. “सगळ्यांची कामं तूच करतोयस, निदान खुर्ची तरी घे.”

ठराव एकमताने मंजूर झाला. उप्पिट थंडच खाल्ले गेले, पण दोन्ही बाजूंनी एका पंगतीत.

पुढचा प्रश्न अण्णांसमोर आला. सुशांत आला नव्हता, म्हणून रविकिरणचे सहा हजार त्यांच्या वहीत जमा राहिले. पण स्वतः अध्यक्षाचे पैसे वाटून घेणे जुन्या मंडळींना प्रशस्त वाटेना. परत द्यावेत, तर हरलेली पैज परत देणे हा त्याचा अपमान. सरी म्हणून त्यांनी ती रक्कम मंडळाला देणगी दिली. जुन्यांनी देणगी दिली एवढेच कळताच कँटीननेही, विश्वासराव न आल्याने उरलेले रविकिरणचे पाच हजार ईर्ष्येने दिले. अध्यक्षाने दोन्ही पावत्यांवर सही केली आणि खाली नियमाप्रमाणे लिहिले, ‘आपल्या उदार देणगीबद्दल मंडळ आभारी आहे.’ त्या पैशांतून एकमताने ध्वनिक्षेपक घेण्यात आला. आता मंडळातली भांडणे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातात.

यशवंतपूरच्या जागेचे उल्काने पाहिले. ती एकटीच घरमालकिणीकडे गेली आणि इतक्या महिन्यांत जमवलेल्या सगळ्या कानडीनिशी सांगितले, की पैसे आत्ता नाहीत, स्वल्प स्वल्प करून देऊ. का नाहीत, असे मालकिणीने विचारले. नवरा मंडळाचा अध्यक्ष झाला, असे उल्काने सांगितले. मालकिणीचे यजमानही दोन वर्षे दूध संघाचे अध्यक्ष होते. तिने आगाऊ रक्कम पाच हप्त्यांत कबूल केली आणि वर ताकही दिले. एक तारखेला स्टोव्ह पलंगाखालून निघून ओट्यावर गेला.

रविकिरण पुढे सलग सहा वर्षे अध्यक्ष होता. चांगला होता. दोन्हीकडे जाण्याची सवय त्याची सुटली नाही.

काही चिकित्सक वाचकांनी एव्हाना सहा अडीचे आणि पाच त्रिक करून पाहिलेच असेल, आणि आपण असतो तर तिसरा रकाना घातला असता, असे म्हटलेही असेल. त्यांच्या माहितीसाठी एक आकडा सभावृत्तातून देतो. मंडळाचे सभासद चारशे बारा होते. सभेला आले त्रेसष्ट. उरलेले तीनशे एकोणपन्नास त्या रविवारी सकाळी घरी पाय पसरून असेच काहीतरी वाचत होते. तुमच्या सोसायटीची वार्षिक सभा कितीला आहे, हे एकदा पाहून घ्या. बहुधा सुरू झाली असेल, आणि तुम्ही गैरहजर असल्याने एखाद्या कमिटीवर तुमचे नाव एकमताने घातलेही असेल.